कारखान्यातल्या बायांची स्तनांच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची आहे, नागपुरात कशी जमवावी?

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीत मसाले पॅक करणाऱ्या एका कारखान्यात मी लाइन सुपरवायझर आहे. पॅकिंगला जवळजवळ सगळ्या बायाच, पंचविशीपासून पंचावन्नपर्यंतच्या. थोड्या कंपनीच्या पगारी, बाकी ठेकेदाराकडे रोजीवर. ऑक्टोबर हा स्तनांच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, म्हणून आमच्याकडेही कार्यक्रम होतो. यंदा तो माझ्याकडे आला आहे.

मागच्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये भाषण झालं, गुलाबी फिती वाटल्या, फोटो काढले. मॅनेजर, ठेकेदाराचा मुकादम, फोर्कलिफ्टवाला पोरगा सगळे तिथेच उभे. "काही शंका?" म्हटल्यावर एकीनंही मान वर केली नाही. मुकादमासमोर कोण बोलणार? नंतर हात धुवायच्या नळावर एकीनं मला बाजूला घेतलं. काखेत गाठ लागत होती, बऱ्याच महिन्यांपासून. दाखवलं का विचारलं तर म्हणे, "दुखत त नाही ताई, मंग कायले दवाखाना? खाडा पडते ना." तिची गाठ साधी निघाली. पण हाताला मिरची-हळद लागलेली असताना तिनं कोपरानं काख दाबून दाखवली, ते माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हेच बायांना ठाऊक नाही. कातडीला खळी पडणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्रं दिसणारी कातडी, हे सगळं त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं. सालीचं तर लगेच कळेल, आमच्यातल्या काहीजणी हंगामात संत्री निवडायच्या कामाला जातात. आणि बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही तितक्याच ठासून सांगायचं, नाहीतर भीतीनंच कुणी पुढे येणार नाही.

यंदा भाषणाबरोबर मला प्रत्यक्ष तपासणी हवी आहे. मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा, खर्च झेपणार नाही असं कंपनी म्हणते, पण हातानं केलेल्या तपासणीलाही मोल आहे. मुंबईत टाटा मेमोरियलनं 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी ठरावीक काळानं हातानं तपासणी केली. 2021 मध्ये निष्कर्ष आले, त्यात पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी दिसले. सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर हातानं तपासणी आहेच. हे सांगितल्यावर मॅनेजरसाहेब कामाच्या वेळेत तपासणीला तयार झाले आहेत.

आता मदत इथे हवी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट किंवा मिहानचं एम्स यांच्यापैकी कुणाची चमू कारखान्यात आल्याचा अनुभव आहे का? पत्र कुणाच्या नावानं द्यायचं? तपासणारी बाईच हवी, डॉक्टर असो की नर्स, ही अट आधीच घालता येते का? आमच्या प्रथमोपचाराच्या खोलीला काचेचं दार आहे, त्याला पडदा लावून भागेल की वेगळी खोली मागू?

सगळ्यात जास्त काळजी पुढच्या फेरीची आहे. गाठ सापडली की सोनोग्राफी, मॅमोग्राफी, लागली तर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं), म्हणजे रोजीवाल्या बाईचे किती खाडे! त्या दिवसांची रोजी देण्याचं ठेकेदाराकडून लेखी घेणं कुणाला जमलं आहे का? ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, कॅन्सरसाठी वाढीव आजारपणाचा भत्ता आहे, मजुरीच्या 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. पण त्यासाठी आधी किमान दोन वर्षं विमा हवा आणि हप्ते भरलेले हवेत. आमच्या कितीतरी जणींना आपला विमा क्रमांकही माहीत नाही. ठेकेदार खरंच भरतो का, हे त्यांना स्वतःला कसं पाहता येईल?

अजून एक. रिपोर्ट थेट बाईच्या हातात जावा, एचआरकडे नको, असं माझं ठाम मत आहे. कळलं तर काम सुटेल, ही भीती आहेच. कंपनी यादी मागेल तेव्हा कसं अडवायचं, हे कुणी सांगेल का? मुकादम आणि मॅनेजर मंडळींची वेगळी बैठक मी नक्की घेणार, सुट्टी तेच मंजूर करतात.

सप्टेंबरअखेर आराखडा द्यायचा आहे. कुणाचे नंबर असतील तर धाग्यावर न टाकता मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.