गोधडी शिवून काय होणार?
‘कृष्णवर्णीय बायकांच्या वारसा-कार्यशाळा म्हणजे मेणबत्त्या लावून रडारड’ असं एक मत वाचलं, ते अर्धंच पटलं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची विल्कॉक्स काउंटी (म्हणजे जिल्हा) बघा. मतदार नोंदणीला गेलेल्या कृष्णवर्णीयांना गोऱ्या जमीनदारांनी घराबाहेर काढलं. गीज बेंड या तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतून काउंटीच्या मुख्य गावी नेणारी फेरीबोट १९६२मध्ये बंद पडली ती थेट २००६ला सुरू झाली. (चव्वेचाळीस वर्षं!) अशात १९६६ साली इथल्या कृष्णवर्णीय बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. शेतात वापरून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या आया-आज्यांकडून शिकलेल्याच होत्या. आता त्यांचे पैसे हातात येऊ लागले. म्हणून मी तरी कार्यशाळेत शिकवणारीला मानधन किती देता, हे आधी विचारते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायकांच्या कवंदीबद्दल, म्हणजे त्यांच्या गोधडीबद्दल, कुणी जाणकार लिहील का?