साथीदाराशी मैत्रीची वाट रोमान्सपेक्षा उणी कामून?

पारावरचा गेमर, परभणी
आरपीजीत, म्हणजे एखादं पात्र होऊन कथा खेळायच्या गेममध्ये, सोबतच्या साथीदार-पात्राशी नुसती मैत्री ठेवली की लेखकाचा हात आखडतो, आणि हा अन्याय आहे. 'बाल्डर्स गेट ३' २०२३ ला आला तेव्हा एका बगमुळं ॲप्रूव्हलची, म्हणजे साथीदाराच्या पसंतीच्या गुणांची, अट फारच खाली राहिली होती. गेल नावाच्या साथीदाराशी जरा माणुसकीनं बोललं की तो थेट प्रेमात! बग निस्तरला, मूळ दुखणं राहिलं. जिव्हाळ्याचे सीन जोडीदाराला, मित्राला तंबूबाहेर दोन वाक्यं.

लातूरची व्ही
नाही पटलं. 'सायबरपंक २०७७'मध्ये पॅनम या सोबतिणीचा रोमान्स फक्त पुरुष व्हीशी होतो (व्ही म्हणजे आपलं पात्र). तरी बाई व्हीनं तिची कामं 'क्वीन ऑफ द हायवे' या मोहिमेपर्यंत नेली, की शेवटी तिची अख्खी टोळी मदतीला येते. 'फॉलआउट ४'मधल्या निक या साथीदाराशी रोमान्स नाहीच, पण ॲफिनिटी, म्हणजे जवळिकीचे गुण, १००० झाली की पर्क, म्हणजे खास क्षमता, मिळतो आणि हॅकिंगला एक जादा प्रयत्न. त्याला हॅकिंग आवडतं, म्हणून टर्मिनल, म्हणजे कुलूपबंद संगणक, तो सोबत असतानाच उघडा. लागोपाठ चार उघडू नका, मध्ये वेळ गेल्याशिवाय ॲफिनिटी चढत नाही.

पारावरचा गेमर, परभणी
पर्क ही मजुरी झाली ताई, मी नात्याचं बोलायलोय. २००६ च्या 'पर्सोना ३'त शाळेतल्या मैत्रिणींची लिंक, म्हणजे नात्याची पातळी, १० वर न्यायची तर प्रेम टळतच नव्हतं. नुसती मैत्री ठेवायची सोय २०२४ च्या 'रीलोड'मध्ये आली. इतकी वर्षं लागली!

गोदाकाठ, नांदेड
तुम्ही दोघंबी 'ड्रॅगन एज २' विसरायलात. तिथं साथीदाराशी असलेल्या नात्याच्या पट्टीच्या एका टोकाला मैत्री, दुसऱ्याला वैर, आणि रोमान्स दोन्हीकडून जमतो. दुसऱ्या अंकात इसाबेला ही सोबतीण पळून जाते. ती परत यायला तिचं वैयक्तिक काम झालेलं पाहिजे आणि पट्टी कुठल्यातरी एका बाजूला निम्मी तरी भरलेली पाहिजे. घटकेत गोड, घटकेत खवट बोलणारे मधेच लटकतात अन् तिला गमावतात. मला हीच रचना लई खरी वाटते, कारण भांडणाऱ्या सोबत्यालाही तिथं पूर्ण कथा मिळते.

लातूरची व्ही
हे मान्य. पण रोमान्सला वेगळं वजन हवंच, कारण तिथं काहीतरी गमवावं लागतं. 'विचर ३'मध्ये ट्रिस आणि येनेफर दोघींनाही प्रेमाचा शब्द दिला, तर दोघी मिळून गेराल्टला, म्हणजे आपल्या पात्राला, पलंगाला बांधून निघून जातात. हे कळेपर्यंत कित्येक तास पुढं गेलेले असतात, तोवर ऑटोसेव्ह पुसला जातो. ट्रिस बंदरावरून जहाजाकडं निघते तेव्हाच तिला शब्द द्यायचा असतो, त्याआधी हातानं वेगळा सेव्ह करून ठेवा.