कागदावरचा मालक वेगळा, कामाचा मालक वेगळा: हे चालू द्यायचं का?

पाषाणकर

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय. महिनाभर डोक्यात दुसरं काही नाही.

मी घरून एका डच कंपनीचं काम करतो. त्यांचं भारतात ऑफिस नाही. त्यामुळे माझं नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, पीएफ, फॉर्म १६ हे सगळं बंगळुरूच्या एका कंपनीच्या नावावर आहे. तिथल्या एकाही माणसाला मी प्रत्यक्ष भेटलेलो नाही. या व्यवस्थेला एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणतात, बोलताना ईओआर. काम सांगणार डच टीम, रजा देणार डच मॅनेजर, पगारवाढ ठरवणारही तेच. कायद्याच्या लेखी मालक मात्र बंगळुरूचा. डच कंपनी त्यांना माझा पगार आणि वर दरमहा फी पाठवते.

चार वर्षं सगळं सुरळीत होतं. मार्चमध्ये डच कंपनीला दुसरा, स्वस्त ईओआर मिळाला. मला मेल आला: जुन्या कंपनीत राजीनामा द्या, १ एप्रिलपासून नवीन कंपनीत रुजू व्हा. काम तेच, लॅपटॉप तोच, दुपारी दीडची मीटिंगही तीच. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच असल्यामुळे पीएफ पुढे सरकला. ग्रॅच्युइटीबद्दल, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मालकाने द्यायच्या रकमेबद्दल, विचारलं तर उत्तर आलं, "सलग ५ वर्षं लागतात, तुमची ४ वर्षं २ महिने झाली आहेत." नवीन नेमणूकपत्रात रुजू तारीख १ एप्रिल. पाटी कोरी.

माझा बेसिक ७८,०००. ग्रॅच्युइटीच्या सूत्राने भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाचे ४५,०००. अजून दहा महिन्यांनी २,२५,००० रुपये हक्काचे झाले असते. मी नोकरी सोडली नाही, मला कोणी काढलं नाही, तरी ते गेले.

माझं मत: ही ठेकेदारीच आहे, फक्त एसीत बसलेली. ज्याच्यासाठी माणूस राबतो त्यानेच मालक म्हणून सही करावी. जमत नसेल तर माणूस ठेवू नये.

भोसरीकर

तुमचं नुकसान खरं आहे, पण शेवटचं वाक्य पटलं नाही. मी दुसऱ्या बाजूला उभा आहे, म्हणून लिहितो.

आमचं एमआयडीसीत एसपीएमचं, म्हणजे गिऱ्हाईकाच्या गरजेप्रमाणे खास मशीन बनवण्याचं, छोटं युनिट आहे, ३५ माणसं. तीन मशीन जर्मनीत गेली आहेत, श्टुटगार्टच्या आसपास. मशीन बंद पडलं की गिऱ्हाईकाला माणूस दुसऱ्या दिवशी दारात हवा असतो. पुण्यातून व्हिसा काढून पाठवेपर्यंत त्यांची लाइन थांबलेली. तिथेच राहणारा एक मराठी मुलगा मिळाला. एका माणसासाठी तिथे जीएमबीएच, म्हणजे तिथली प्रायव्हेट लिमिटेड, काढायची तर भांडवलच २५,००० युरो, त्यातले निम्मे नोंदणीच्या वेळीच दाखवायचे. शिवाय नोटरी, तिथला अकाउंटंट, दरवर्षीचा ताळेबंद. ईओआर घेतला, म्हणून त्या मुलाला नोकरी मिळाली आणि आमची तीन मशीन चालू राहिली. "जमत नसेल तर ठेवू नये" हा नियम लावला असता तर त्याला नोकरीच नव्हती.

आणि ईओआर नसता तर मी कायदा मोडला असता, तोही नकळत. मागच्या जानेवारीत त्याचा गुडघा दुखावला. मी इथल्या सवयीने म्हटलं, सिक लीव्ह संपली की बिनपगारी धरा. ईओआरच्या बाईंनी तिथल्या तिथे थांबवलं: जर्मनीत आजारपणात ६ आठवड्यांपर्यंत मालकाने पूर्ण पगार द्यायचा असतो. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाची किमान २० दिवस रजा, तीही कायद्याने. हे मला भोसरीत बसून कोण सांगणार होतं?

मोशीचा सागर

पाषाणकरांना पूर्ण पाठिंबा.

माझे वडील चाकणला ठेकेदाराकडे होते. सात महिने झाले की ब्रेक. सलग वर्षाची नोकरी मोजली जाऊ नये म्हणून २४० दिवस भरू द्यायचेच नाहीत. पंधरा दिवस घरी बसायचं, मग नवीन गेटपास. कधी ठेकेदाराचं नाव बदलायचं, गेट तेच. आई कपाटात ते गेटपास रबर लावून ठेवायची, अकरा होते. अकरा पासांवर चार वेगवेगळ्या ठेकेदारांची नावं, फोटो एकाच माणसाचा, दर पासावर केस थोडे अजून पांढरे.

राजीनामा द्या आणि १ तारखेला रुजू व्हा, हा तोच ब्रेक आहे. इंग्रजी मेलवर आला म्हणून निराळा होत नाही.

भोसरीकर, तुम्ही चांगले आहात हे मान्य. पण व्यवस्था मालकाच्या चांगुलपणावर टेकलेली असेल तर कामगाराच्या हातात काय राहिलं?

आरती के.

सागर, तुमच्या वडिलांचं वाचून गलबललं. तरी या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

मी लंडनच्या एका कंपनीसाठी खराडीतून काम करते. पहिली तीन वर्षं "कन्सल्टंट" होते. दर महिन्याला बिल पाठवायचं आणि पैसे यायची वाट बघायची. गृहकर्जाला गेले तर बँकेतला माणूस फाइल चाळून म्हणाला, मॅडम, फॉर्म १६ नाही का? पुढे कंपनीने मला ईओआरवर घेतलं आणि २०२३ मध्ये मुलगी झाली. २६ आठवडे पूर्ण पगार मिळाला. आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असलं की तो हक्क लागू होतो. लंडनच्या मॅनेजरला हे माहीतच नव्हतं. त्यांच्याकडे कायद्याने पहिले ६ आठवडे ९० टक्के आणि पुढे ठरावीक रक्कम, म्हणून तो तसाच हिशोब करून बसला होता. ईओआरने त्याला भारताचा कायदा लिहून पाठवला. कन्सल्टंट राहिले असते तर कोणाचं दार ठोठावलं असतं मी?

स्वच्छंद

एवढा घोळ कशाला? सरळ इन्व्हॉइस पाठवा. ईओआरची फी वाचते, ती वाटाघाट करून आपल्या खिशात येते. करही कमी पडतो, निम्मी रक्कमच नफा धरतात. मी सहा वर्षं असंच करतोय. ग्रॅच्युइटीचे सव्वादोन लाख मी दोन महिन्यांत जास्तीचे कमावतो.

नारायणपेठी

स्वच्छंद, तुमचं जमलं याचा आनंद आहे, पण दुसऱ्याला सल्ला देताना अर्धं सांगू नका. ती निम्म्या नफ्याची सवलत ठरावीक व्यवसायांनाच आहे, आणि जमा ५० लाखांपर्यंत असेल तरच. रोखीचा हिस्सा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. नुसतं कोडिंग त्यात बसतं का, यावर वाद आहेत. निर्यातीवर जीएसटी शून्य असला तरी उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी आणि दरवर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, आलंच. शिवाय एकाच गिऱ्हाईकाचं काम, त्यांच्याच वेळा, त्यांचाच लॅपटॉप असेल तर हा कन्सल्टंट की नोकर, हा प्रश्न कधीतरी कोणीतरी विचारतंच.

आता पाषाणकर. तुम्ही तत्त्वाचं बोलताय, मी कागदाचं बोलतो.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाचा असतो, वेगळा करार नसेल तर. तुमचा मालक कोण? ईओआर. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या कोडवर डच कंपनीचा हक्क आपोआप येत नाही, तो लेखी कराराने तिच्याकडे जावा लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ईओआर बदलताना त्यांचा वकील हे सगळं नव्याने लिहून घेतो, आणि त्यावर बहुतेक वेळा तुमचीही सही घेतो.

त्यांना तुमची सही हवी असते ती वेळ हीच. जुना ईओआर, नवीन ईओआर आणि तुम्ही असा त्रिपक्षीय करार मागा. राजीनामा नको, सेवा वर्ग झाली असं लिहा. मूळ रुजू तारीख कायम आणि ग्रॅच्युइटीची जबाबदारी नव्याकडे. चार ओळींचं काम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्यावर ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला १ वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे, तेव्हा नवीन पत्र मुदतीचं आहे की कायम, तेही बघा.

कंपनीने शेअर देऊ केले असतील तर तेही तपासून घ्या. परदेशी शेअरची कर्मचारी योजना आपल्या नियमांत त्या कंपनीच्या इथल्या ऑफिस, शाखा किंवा उपकंपनीच्या माणसांसाठी लिहिली आहे. ईओआरचा माणूस त्यात सरळ बसत नाही.

पाषाणकर

नारायणपेठी, मनापासून आभार. रात्रीच मेल उघडून बघितला. राजीनामा मी दिलाय, पण कोडच्या हक्कांचं पत्र अजून सही न करता पडून आहे. डच मॅनेजरला कळवलं की चार ओळी घाला, मग सही करतो. त्याने सकाळी विचारलं, ग्रॅच्युइटी म्हणजे काय? माणूस वाईट नाही. चार वर्षं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगणं ज्याचं काम तो आता बदलला गेलाय.

आरती, तुमचा अनुभव वाचून माझं "जमत नसेल तर माणूस ठेवू नये" हे वाक्य मागे घेतो. ईओआर बंद व्हावा असं आता म्हणणार नाही. पण तो बदलला की कामगाराची वर्षं पुसली जातात, हे मी ठेकेदारीच म्हणेन.

मोशीचा सागर

भोसरीकर, एक विचारायचं राहिलं. जर्मनीतल्या मुलाला तुम्ही किती दिवस असं ठेवू शकता?

भोसरीकर

बरोबर जागी बोट ठेवलंत. आमच्या ईओआरने त्या मुलाला दुसऱ्या कंपनीला माणसं पुरवण्याच्या जर्मन परवान्याखाली ठेवलंय. त्या कायद्यात एका गिऱ्हाईकाकडे साधारण १८ महिनेच. तीन महिन्यांहून जास्त खंड पडला की मोजणी नव्याने सुरू होते, आणि एका सल्लागाराने मला तेच सुचवलं होतं.

तुमच्या आईच्या कपाटातले ते पास वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये. खंड देणार नाही. नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. पंचवीस हजार युरोंचा हिशोब पुन्हा मांडायला घेतलाय, आणि बँकेची वेळ सोमवारची आहे.