शनिवारी सकाळी पेठेत गप्पाफेरी सुरू करायची आहे, कुणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, वय ६१. यजमान २०२१ मध्ये गेले. वर्षभर एकटी राहिले आणि मग मुलाकडे पुण्याला आले. नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, जुना वाडा पाडून उभी राहिलेली सहा मजली इमारत आहे. मुलगा-सून सकाळी नऊला बाहेर पडतात ते रात्री आठला येतात. नातू सहावीत आहे, शाळा आणि क्लास यातच त्याचा दिवस जातो. माझं सगळे फार प्रेमाने करतात, तक्रार काहीच नाही. पण परवा दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि लक्षात आलं, की तीन दिवसांत घरच्यांखेरीज मी कुणाशीच बोललेली नाही.

सांगलीत आम्ही गावभागात राहायचो. संध्याकाळी उंबऱ्यात बसलं की चार-पाच जणी जमायच्या आणि तशाच घाटावर जाऊन यायच्या. बोलावणं कुणी करायचं नाही. इथे बंद दारांमागे माझ्याच वयाची निदान सात-आठ माणसं आहेत, हे मला नावांच्या पाट्यांवरून आणि खोकल्यावरून कळतं. त्यातली बरीचशी वाड्यातली मूळ भाडेकरू आहेत म्हणे.

माझ्या मनात असं आहे, की दर शनिवारी सकाळी साडेसातला खाली जमायचं आणि अर्धा-पाऊण तास पेठेतच हळूहळू फिरायचं. पत्र्या मारुती, मोदी गणपती, ओंकारेश्वर, मग घरी. वाटेत दिसेल त्यावर बोलायचं. सत्संग नाही, हास्यक्लब नाही, वर्गणी नाही. पण सुरुवात कशी करू? लिफ्टजवळ कागद लावला तर लोकांना वाटेल काहीतरी विकायचं आहे. आणि ज्यांना खरी गरज आहे ती माणसं तर दारच उघडत नाहीत. कुणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

तलावपाळी

ताई, कागद लावू नका. मी २०१७ मध्ये रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ठाण्यात कचराळी तलावावर आमचा गट सुरू केला. तेव्हा मीही आधी सोसायटीत सूचनाफलकावर कागद लावला होता, एकही माणूस आला नाही. मग शेजारच्या जिन्यातल्या एका गृहस्थांना म्हटलं, "मला साखर निघाली आहे, डॉक्टर चालायला सांगतात, एकट्याने कंटाळा येतो, जरा सोबत कराल का?" ते दुसऱ्या दिवशी माझ्या आधी खाली हजर.

तेव्हा "आमच्या फेरीला या" असं म्हणू नका. एका घराची बेल वाजवा आणि सांगा, "मी सांगलीची, मला इथलं काही माहीत नाही, ओंकारेश्वरापर्यंत दाखवायला याल का?" जुन्या पेठकऱ्याला त्याची पेठ दाखवायला सांगितलीत तर तो नाही म्हणणार नाही. एकदा आला, की पुढच्या वेळी तोच आणखी एकाला घेऊन येतो.

दोन गोष्टी मात्र पाळा. वार आणि वेळ बदलायची नाही. कुणी आलं नाही तरी तुम्ही ठरलेल्या वेळी खाली जायचं, कारण गॅलरीतून बघणारे असतात आणि ते आठवडे मोजतात. दुसरं, जो दोन वेळा आला नाही त्याला फोन करायचा. आमच्यातले एक काका लागोपाठ दोन दिवस दिसले नाहीत. आम्ही घरी गेलो तर तापाने फणफणलेले, पत्नी मुलीकडे गेलेल्या आणि घरात दोन दिवस चूल पेटलेली नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे चालण्यापेक्षा हजेरीला जास्त महत्त्व आहे.

सदाशिवपेठी

कल्पना चांगली आहे, पण साडेसात उशीर होतो. फिरून परतेपर्यंत लक्ष्मी रस्ता आणि त्याच्या गल्ल्या गाड्यांनी भरायला लागतात. पदपथ आहेत तिथेही दुचाक्या लावलेल्या असतात, म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरावं लागतं. साडेसहाला निघा, किंवा रविवार धरा.

आणि एक मनापासून सांगते. माझी आई गुडघ्यांमुळे दीड वर्ष खाली उतरलेली नाही. तिला "चला फिरायला" म्हणणाऱ्यांचा तिला त्रास होतो, ती रडते. अशा माणसांचा विचार आधी करा. फेरी संपताना त्यांच्या गॅलरीखाली पाच मिनिटं थांबून हाक मारलीत तरी चालेल. आईला वरून कुणाशी तरी बोलायला मिळालं तर तिचा अख्खा दिवस बरा जातो.

फिजिओ_नाशिक

थोडक्यात लिहिते. चालता चालता बोलता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. सगळ्यांचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. बसायच्या जागा आधी जाऊन बघून ठेवा, देवळाचा कट्टा, दुकानाची पायरी, काहीही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे असतील तर खिशात गूळ किंवा साखर ठेवा. छातीत दुखतं किंवा तोल जातो असं कुणी म्हणालं, तर आधी डॉक्टरांना विचारून मगच या म्हणा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूने चाला. ऐकू न येणारी माणसं गटात असूनही सर्वांत एकटी असतात, हे मी रोज बघते.

लीड्सहून

काकू, इंग्लंडमध्ये रॅम्बलर्स नावाची चालणाऱ्यांची जुनी संस्था आहे. ती अशाच छोट्या, फुकट फेऱ्या चालवते. दहा मिनिटांपासून दीड तासापर्यंत, कुणालाही येता येतं. मी इथे नवीन असताना एका फेरीत जायचो. त्यांची एक पद्धत मला फार आवडली. एक जण पुढे असतो, पण एक जण मुद्दाम शेवटी चालतो आणि त्याच्या मागे कुणाला राहू देत नाही. माझं इंग्रजी तेव्हा अडखळायचं. मी मागे पडायचो आणि दर वेळी त्या शेवटच्या आजींशी गप्पा व्हायच्या. या गावात मला नावाने हाक मारणारं पहिलं माणूस त्याच.

एकटेपणा ही खासगी गोष्ट आहे असं आपण समजतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जूनमध्ये अहवाल दिला, त्यात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो असं म्हटलं आहे. म्हणजे तुमच्या इमारतीत तुम्ही एकट्याच नसणार. माझे आईबाबा मिरजेत दोघंच असतात. तुमचं जमलं तर इथे नक्की लिहा, मी त्यांना वाचून दाखवेन.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. पाच शनिवार झाले, म्हणून लिहिते आहे.

ठाणेकर दादांचं ऐकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या घराची बेल वाजवली आणि वाट दाखवाल का विचारलं. वय पंचाहत्तर, जन्म याच जागेवरच्या वाड्यातला. ते "बघू" म्हणाले आणि दार लावून घेतलं. शनिवारी साडेसहाला मी आणि पाचव्या मजल्यावरच्या एक बाई, अशा दोघीच होतो. दुसऱ्या शनिवारी पाऊस होता, मी एकटी छत्री घेऊन मोदी गणपतीपर्यंत जाऊन आले. मन फार खट्टू झालं होतं. तिसऱ्या शनिवारी आजोबा काठी घेऊन खाली उभे होते. म्हणाले, "पावसात एकट्या गेलात, ते वरून पाहिलं मी."

त्या आठवड्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला होता. म्हणून आम्ही नदी बघायला ओंकारेश्वराकडे वळलो. पाणी दिसल्यावर आजोबा थांबले आणि पानशेतचं सांगायला लागले. १२ जुलै १९६१, बुधवार. ते दहा वर्षांचे होते, शाळेतून घरी पाठवलं होतं. धरण फुटलं म्हणून लोक ओरडत होते आणि त्यांचे वडील म्हणत होते, अफवा आहे. मग आईने भावंडांना पुढे घातलं आणि नेसत्या कपड्यांनिशी पर्वतीच्या दिशेने चालत नेलं. परत आले तेव्हा वाड्याच्या पहिल्या मजल्यापर्यंत चिखल होता. त्यांनी कुठवर ते काठीने हवेत दाखवलं.

मी म्हटलं, आमच्याकडे २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ४५ ला धोका. आम्ही दोघं बोटीतून बाहेर पडलो. यजमानांनी पिशवीत घराची कागदपत्रं आणि माझी शिलाई मशीनची कात्री घेतली होती. कात्री कशाला घेतली, ते मी त्यांना विचारायचं राहूनच गेलं. हे मी पुण्यात आल्यापासून कुणालाही सांगितलं नव्हतं, मुलालासुद्धा नाही. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी माझा हात धरला आणि आम्ही तशाच घरापर्यंत आलो.

चौथ्या शनिवारी सहा जण होतो, पाचव्याला नऊ. सगळे विचारतात, आज आजोबा कुठलं सांगणार? शेवटी चालायचं काम मी घेतलं आहे. तिसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांना जिना झेपत नाही आणि लिफ्टची भीती वाटते. परतताना त्यांच्या गॅलरीखाली थांबतो, त्या वरून बोलतात. गेल्या वेळी त्यांनी दोरीला पिशवी बांधून आमच्यासाठी आल्याच्या वड्या खाली सोडल्या. मी पुढच्या वेळी त्याच पिशवीतून सांगलीचं भडंग वर पाठवणार आहे.

आजोबांकडे पुरातून राहिलेला तांब्याचा बंब आहे. चिखलातून काढला तेव्हा एका बाजूने चेपला होता, तो तसाच ठेवला आहे. बंब खाली आणता येण्यासारखा नाही, म्हणून येत्या शनिवारी फेरी त्यांच्या घरी संपणार आहे. सूनबाई चहा करणार आहेत. त्यांनी मला विचारलं, कप किती काढू? मी दहा सांगितले आहेत.