नोकरीआधीचं मेडिकल: आधी स्वतः तपासून जावं की सरळ जावं?

पट्टीवाला

ऑफर लेटरच्या तळाशी एक ओळ असते: 'नेमणूक वैद्यकीय पात्रतेच्या अधीन.' बहुतेक जण ती वाचून पुढे जातात आणि आदल्या रात्री 'उद्या उपाशी यायचंय का?' एवढंच विचारतात. माझं मत असं, की तारखेच्या चार आठवडे आधी पदरचे पैसे घालून छोटी तपासणी करून घ्यावी.

चार आठवडे कशाला? हिमोग्लोबिन 9.5 निघालं तर ते एका रात्रीत चढत नाही. लोहाच्या गोळ्या लागू पडल्या तर महिन्याभरात एक-दोन ग्रॅम वाढतं, आणि तेही गोळी चहाबरोबर गिळली नाही तर. चष्म्याचा नंबर बदललेला असला की नवा चष्मा हातात यायला आठवडा जातो. कानात मळ घट्ट बसला असेल तर आधी चार-पाच दिवस थेंब, मग सफाई. या गोष्टींनी सहसा नोकरी जात नाही, पण कागदावर 'पुनर्तपासणी' असा शेरा पडतो आणि रुजू व्हायची तारीख पुढे सरकते.

सरळरेषा

तालीम नाटकाची करतात हो, रक्ताची नाही.

लॅबच्या रिपोर्टवर उजवीकडे जो 'नॉर्मल' पट्टा छापतात, तो साधारण 95 टक्के निरोगी माणसं बसतील असा आखलेला असतो. म्हणजे ठणठणीत माणसाचाही आकडा वीसात एकदा पट्ट्याबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर निदान एक तरी ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता 64 टक्के. आणि 'फुल बॉडी' पॅकेजात सत्तर-ऐंशी चाचण्या कोंबलेल्या असतात! मग युरिक अ‍ॅसिड 7.3 दिसलं की माणूस तीन आठवडे झोपत नाही. नेमणुकीच्या डॉक्टरला त्याचं काही पडलेलं नसतं. कार्यालयीन नोकरीत तो बघतो रक्तदाब, डोळे, छातीचा एक्स-रे, साखर, लघवी, फार तर ईसीजी.

खरा घोळ शेवटच्या चोवीस तासांत होतो, तिकडे लक्ष द्या. 'उपाशीपोटी' म्हणजे उपास नव्हे. एकादशी असली तरी साबुदाण्याची खिचडी खाऊन आलात तर ती फास्टिंग शुगर नाही. रात्री नऊला जेवण आणि सकाळी सात-आठला रक्त, हा हिशेब ठीक. मधे फक्त साधं पाणी. बिनसाखरेचा कटिंग चहासुद्धा नको. जेवणानंतरची साखर द्यायची असेल तर पहिला घास घेतल्यापासून दोन तास मोजा, हात धुतल्यापासून नाही.

आदले दोन दिवस जिम बंद. जोरकस व्यायामानंतर एसजीओटी (यकृताच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम) वाढतं, ते स्नायूंतूनही येतं, फक्त यकृतातून नाही. लघवीत प्रथिनं दिसू शकतात ती वेगळीच. लघवीचा नमुना मधल्या धारेचा द्यावा, म्हणजे सुरुवातीची धार सोडून. पाळी चालू असेल तर तसं सांगून पुढची तारीख घ्यावी, नाहीतर रिपोर्टात लाल पेशी येतात आणि विनाकारण सोनोग्राफीची चिठ्ठी हातात पडते.

एक्स-रेला साखळी, मंगळसूत्र, ताईत काढतातच. पण लांब वेणी मागे पाठीवर तशीच राहते, आणि तिची सावली फुफ्फुसाच्या नेमक्या वरच्या टोकावर पडते, जिथे टीबी शोधतात. केस वर बांधा. तंत्रज्ञ 'श्वास घ्या, धरा' म्हणाला की पोटभर श्वास घ्या. अर्धवट श्वासात हृदय उगाच मोठं दिसतं. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर एक्स-रेच्या आधीच सांगा.

पट्टीवाला

पॅकेजबद्दल शंभर टक्के मान्य. म्हणून तर 'छोटी' म्हटलं. पण रक्तदाबाचं काय करणार? सकाळी विरारहून लटकत यायचं, दादरचा पूल चढायचा, मूत्राशय भरलेलं, पाय एकावर एक टाकलेले, आणि नर्स बोलत बोलत पट्टा आवळते. बोलणं, लोंबकळता हात, भरलेलं मूत्राशय यातल्या एकेका गोष्टीने आकडा सहज 10 मिमीने वर जातो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आणखी. 132 चे 150 व्हायला वेळ लागत नाही.

पाच मिनिटं पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, हे मागून घ्या. हक्काने मागा. पण एवढं करूनही पांढरा कोट बघताच ज्याचा रक्तदाब उसळतो, त्याच्याकडे आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या नोंदी असतील तर डॉक्टरला निर्णय घ्यायला आधार मिळतो. त्या नोंदी आदल्या रात्री तयार होत नाहीत.

बंदरावरचा

तुम्ही दोघंही बीकेसीतल्या ऑफिसातल्या खुर्चीची नोकरी धरून भांडताय. कामानुसार उत्तर बदलतं.

मोटरमन किंवा लोको पायलटसाठी रेल्वेचा ए-1 हा वैद्यकीय वर्ग लागतो. चष्म्याविना दोन्ही डोळे 6/6, रंगदृष्टी पक्की आणि लेझरने नंबर घालवलेला नको. जहाजावर जाणाऱ्यांना डीजी शिपिंगने (केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या डॉक्टरचंच प्रमाणपत्र चालतं, ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं. आखाती देशांच्या मेडिकलमध्ये पूर्ण बऱ्या झालेल्या टीबीचा जुना व्रण एक्स-रेत दिसला तरी अपात्र ठरवतात. यातलं काही चार आठवड्यांत दुरुस्त होत नाही, मग आधी तपासायचं कशाला? हातातल्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी कळावं म्हणून. रंगदृष्टी तपासणारी इशिहाराची रंगीत ठिपक्यांची पुस्तिका नेत्रतज्ज्ञाकडे दहा मिनिटांत होते. इकडे तीन महिन्यांचा नोटीस पीरियड सुरू करून मग लाल-हिरव्याचा घोळ कळणं म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

श्रवणचाचणीचंही सांगतो. निदान चौदा तास कान शांत हवेत. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशासमोर उभं राहून दुसऱ्या दिवशी ऑडिओमेट्रीला गेलात तर आलेखात 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा, म्हणजे त्या उंच स्वराला कमी ऐकू येणं, दिसू शकतो. तो तात्पुरता असला तरी कागदावर कायमचा.

आणि लघवीतली अमली पदार्थांची चाचणी असेल तर दिवाळीचे अनारसे टाळा. खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो आणि कमी मर्यादेच्या चाचणीपट्टीवर तो पकडला जातो. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी जवळ ठेवा आणि नमुना देण्याआधी दाखवा, रिपोर्ट आल्यावर नाही.

सरळरेषा

राजीनाम्याचा मुद्दा बिनतोड आहे, तेवढा मागे घेतो. खुर्चीच्या नोकरीबाबत मत तेच.

कार्मिक

तपासणीइतकाच गोंधळ जाहीरनाम्याच्या फॉर्मवर होतो. 'सध्या कोणती औषधं चालू आहेत?' यापुढे लोक 'नाही' लिहितात आणि ईसीजीच्या टेबलावर खिशातून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पडते. नियंत्रणात असलेला रक्तदाब किंवा मधुमेह हे कार्यालयीन कामाला नकाराचं कारण सहसा होत नाही. खोटी माहिती मात्र नंतर कधीही काढून टाकण्याचं कारण होते. त्यामुळे लिहा.

त्याच भानगडीत गोळी बंद करून येणारेही असतात. रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊन ट्रेनमध्ये चढू नये. आपल्या डॉक्टरला आधी विचारावं, डबा बरोबर न्यावा.

अर्धी रजा

'लिहा' म्हणणं सोपं आहे. फॉर्ममध्ये वाट्टेल ते विचारतात आणि उमेदवार निमूट भरतो. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एलआयसीला स्त्री उमेदवारांच्या फॉर्ममधले पाळी आणि गर्भधारणेचे रकाने काढायला लावले. तरी असले प्रश्न खासगी फॉर्मांत अजून सापडतात. एचआयव्ही चाचणी नोकरीची पूर्वअट करता येत नाही, 2017 च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि चाचणीला माहितीपूर्ण संमती लागते. त्याच्या वीस वर्षं आधी, 1997 मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की काम करायला सक्षम असलेल्याला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. लॅबच्या चिठ्ठीवर चाचण्यांची यादी असते. रक्त देण्याआधी ती वाचा आणि न समजलेल्या नावावर बोट ठेवून विचारा.

कार्मिक

यादी वाचा, एकदम मान्य. पण असा रकाना दिसला तर त्यात खोटं लिहू नका. 'लागू नाही' लिहा किंवा रिकामा सोडा आणि एचआरला ईमेलवर विचारा की कामाशी याचा संबंध काय. लेखी विचारलं की बहुतेकदा 'सोडून द्या' असंच उत्तर येतं. कंपनीला खरं तर 'पात्र', 'अटींसह पात्र' की 'अपात्र' एवढंच कळायला हवं. पूर्ण रिपोर्टची प्रत मात्र स्वतःसाठी मागून घ्या.

अर्धी रजा

ज्याला दुसरी ऑफर नाही, तो ईमेल करत नाही.

सरळरेषा

मूळ धाग्याकडे. पट्टीवाला, तुमच्या 'छोट्या' तपासणीत नेमकं काय काय येतं ते तरी एकदा लिहा.

पट्टीवाला

सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटीची साखर, लघवीची साधी तपासणी, आठवडाभराचा घरचा रक्तदाब, डोळ्यांचा नंबर, कानातला मळ. साखर 100 ते 125 मध्ये आली तर वर एचबीए1सी.

सरळरेषा

एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. चार आठवड्यांत ते किती हलणार? ते खोडा. कानातला मळ ठेवा.