अनुभव धागा : तुमचा पहिला थांबा कुठला?

धागा सुरू करणारा, मर्दोळ

फोंडा–पणजी मार्गावर २८ वर्षं खाजगी बसवर कंडक्टर होतो. फर्मागुडी, मर्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारी, खोर्ली, जुने गोवे... सगळे थांबे एका दमात ओरडायचो, वर सुट्ट्या पैशांवरून भांडायलाही दम शिल्लक असायचा. सिगरेटी किती ओढल्या ते विचारू नका. बायको मोजत होती, मी नाही.

आता घरातून कोपऱ्यावरच्या गाड्यापर्यंत जायचं तर दम घ्यायला पहिला थांबा फणसाखाली, दुसरा शेजाऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर. पदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून पोंपों करत दारात येतो, तरी संध्याकाळचे पाव आणायला मी गाड्यावरच जातो. तेवढंही सोडलं तर काय उरलं?

पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो का? मी म्हटलं, नाही. मागून बायको म्हणाली, "लागणार कसा? हे कुठे जातातच कुठे!" मग त्यांनी प्रश्न फिरवून विचारले. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या वयाच्या माणसांच्या मागे पडता का? शंभरेक मीटर गेल्यावर थांबावं लागतं का? कपडे बदलताना धाप लागते का? ० ते ४ अशी पट्टी असते म्हणे. मी ३ वर निघालो. देवळात जाणं, लग्नाला जाणं, मासळी बाजार, हे एकेक करून कधी सुटलं ते माझं मलाच कळलं नव्हतं. लग्नाच्या वेळी पाय दुखतो म्हणायचो. पाय दुखतो म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत.

तर सांगा : तुमचा किंवा घरच्या माणसाचा पहिला थांबा कुठला? कोणाला न सांगता काय सोडलंत? आणि त्यातलं काही परत आलं का? औषधांची मात्रा मात्र इथे लिहू नका, प्रत्येकाचा आजार वेगळा.

साखळीची लेक

काका, माझी आई ७१ वर्षांची. आयुष्यात विडीला हात लावला नाही. पण चाळीस वर्षं चूल फुंकली, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे काजूच्या बोंडांची भट्टी लागायची, तिथे रात्र रात्र बसायची. धाप लागली की कोणी वय म्हणायचं, कोणी रक्त कमी, कोणी हृदय. हृदयाच्या तपासण्या दोनदा झाल्या. फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री, अगदी शेवटी. निघालं सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या आखडण्याचा आजार. सिगरेट न ओढणाऱ्या बायकांना चुलीच्या धुराने हा आजार होतो हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तिचा पहिला थांबा रस्त्यावर नाहीच, आरशासमोर आहे. वेणी घालताना. हात खांद्याच्या वर गेले की दोन मिनिटांत धाप. मला वाटायचं नाटक करते. (हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं खरं.) नंतर कळलं की अशा माणसांचे खांद्या-मानेचे स्नायूही श्वासाच्या कामाला जुंपलेले असतात. तेच हात वर धरायला लावले की श्वासाला मदत कमी पडते. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायचा मान तिचाच. चार वर्षांपूर्वी अचानक म्हणाली, यंदा सुनेला बांधू दे. आम्ही तिच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं!

आता न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. पाणी कोमट, दार थोडं उघडं, कारण वाफ कोंडली की तिला कोंडल्यासारखं होतं. अंग पुसण्यात दम जातो म्हणून मोठा पंचा गुंडाळून तशीच बसते, अंग आपोआप सुकतं. वेणी मी घालते. माटोळी अजून सूनच बांधते, पण आई खाली स्टुलावर बसून कांगलं कुठे आणि तोरिंग कुठे ते असं सांगते की सून म्हणते, त्यापेक्षा तुम्हीच बांधा.

दवर्ली

चुलीचं वाचलं आणि आजी आठवली. ती 'दम्याने' गेली एवढंच आम्हाला माहीत. तपासणी कसली.

भजनी, पेडणे

माझा थांबा अभंगात येतो. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर.

विशीत टीबी झाला होता. औषधांचा पूर्ण कोर्स केला, बरा झालो, पण डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या नळ्या कायमच्या फुगून राहिल्या. ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. तिथे बेडका साचतो. आज वय ५८. सकाळी उठल्यावर अर्धा पाऊण तास बेडका काढण्यातच जातो. पूर्वी नुसता खोकून खोकून बरगड्या दुखवून घ्यायचो. नंतर शिकवलं की कुशीवर पडायचं, वाईट बाजू वर, थोडे खोल श्वास, आणि मग तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ सोडतो तसा जोरात 'हा'. खोकल्यापेक्षा कमी दमवतं आणि बेडका जास्त येतो.

धापेपेक्षा मला खोकल्याने जास्त घरी बसवलं. चवथीत घरोघर आरत्यांना फिरताना मला ढास लागली की शेजारचा माणूस अर्धा हात सरकतो. टीबी बरा होऊन ३५ वर्षं झाली हे कपाळावर लिहून फिरायचं का? दोन वर्षं गेलो नाही. मग घुमट, आमचं मातीचं तालवाद्य, वाजवायला बसलो. वाजवताना दम कमी लागतो, आणि माणूस घुमटवाल्यापासून सरकत नाही.

गातो अजून, पण घरी, सकाळचं साफ करून झाल्यावर. आलाप छोटे केले. मुलगा म्हणतो, आधीपेक्षा बरं वाटतं.

फिजिओ, मडगाव

पेशाने श्वसनाचे व्यायाम घेते, म्हणून थोडं लांबेल. भजनी भाऊ करतात तेच आम्ही शिकवतो, फक्त कुठली बाजू वर हे एकदा कोणाकडून ठरवून घ्यावं.

सीओपीडीवाले सगळे एकच म्हणतात, 'श्वास आत जात नाही'. खरी अडचण बहुतेक वेळा उलटी असते : बाहेर पडत नाही. कंडक्टर काकांना लगेच कळेल. प्रवासी उतरल्याशिवाय नवे चढणार कुठे? नळ्या आखडलेल्या, त्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो. चालायला लागलं की श्वास भराभर होतो, बाहेर सोडायला वेळ आणखी कमी मिळतो, जुनी हवा आत साठत जाते. छाती आधीच फुगलेली, वर घ्यायला जागाच नाही. अशा वेळी घाबरून जोरजोरात आत ओढणं म्हणजे भरलेल्या बसला दारातून आणखी माणसं ढकलणं.

म्हणून ओठांचा चंबू. नाकाने दोन मोजत आत, चंबूतून चार मोजत बाहेर, फुंकर हळू. पायऱ्या चढताना पाऊल उचलायचं ते श्वास सोडताना. पुढे वाकून हात गुडघ्यांवर किंवा गडग्यावर टेकले की खांद्यांना आधार मिळतो. काकांना शेजाऱ्याचा गडगा का आवडतो त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट पायांची. धाप लागते म्हणून बसायचं, बसून मांड्या वाळतात, वाळलेल्या मांड्या थोड्याशा चालण्यानेही थकतात आणि जास्त हवा मागतात, की पुन्हा धाप. फुफ्फुस तेवढंच राहतं, पण माणूस खाली खाली जातो. व्यायामाने फुफ्फुस सुधारत नाही, पाय सुधारतात, आणि तेवढ्याने फरक पडतो. आम्ही सहा मिनिटं चालवून बघतो, ३० मीटरच्या सरळ पट्ट्यावर ये-जा. थांबायला परवानगी असते, घड्याळ मात्र थांबत नाही. सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी. ३० मीटर वाढले तरी तो फरक रोजच्या जगण्यात जाणवतो. नंतर घरी सोडून दिलं की कमावलेलं वर्षभरात ओसरतं, हेही दर वर्षी बघते.

चालताना धाप लागली म्हणजे इजा झाली असं नाही. ० ते १० मध्ये ४-५ पर्यंत धाप चालते, तुटक वाक्य बोलता यायला हवं. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, ओठ निळे पडले, तर लगेच थांबायचं आणि दाखवायचं.

वास्कोची

फिजिओबाईंचा मान ठेवून सांगते, 'चालवा, चालवा' हे वाचलं की माझं डोकं फिरतं.

माझ्या नवऱ्याला फायब्रोसिस आहे. फुफ्फुस आतून घट्ट होत जातं. त्याला तुमची ती साठलेली हवा वगैरे नाही. श्वास छोटे छोटे, कोरडा खोकला, नखं उलट्या चमच्यासारखी फुगलेली. सुरुवातीला एका ठिकाणी खुर्चीत बसवून बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली, ९६ आलं, 'ऑक्सिजन उत्तम आहे, रोज चाला' म्हणून घरी पाठवलं. आम्ही इमानदारीत चाललो. बायणाच्या किनाऱ्यावर त्याचे ओठ जांभळे झाले तेव्हा मी स्वतः क्लिप आणली. बसून ९६. न्हाणीपर्यंत जाऊन आला की ८३. बसल्या जागी मोजून हे कधीच कळलं नसतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी ती सहा मिनिटांची चाचणी केली तेव्हा चालताना लागेल तो ऑक्सिजन ठरला.

आता तोही चालतो, सिलिंडर लावून. औषधही चालू आहे. त्याने आजाराचा वेग कमी होतो, झालेलं भरून येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं. त्यासाठी मी त्यांची आभारी आहे. खोटी आशा मागाहून जास्त महाग पडते.

नळी लावून मासळी बाजारात जायला तो तयार नव्हता. पहिल्यांदा गेलो तेव्हा नेहमीच्या मासेवालीने बघितलं, काही बोलली नाही, बांगडे नेहमीपेक्षा दोन जास्त टाकले. घरी येऊन तो रडला.

दोन गोष्टी लिहून ठेवते. पावसाळ्यात वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) बंद, म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवाच. आणि ऑक्सिजन चालू असताना समई, निरांजन, उदबत्ती त्या खोलीत नको. आमच्या सासूबाईंना हे पटायला महिना लागला.

फिजिओ, मडगाव

ताई, तुमचं बरोबर आहे. मी सीओपीडीपुरतं लिहिलं, ते वर म्हणायला हवं होतं. चालायला लावण्याआधी चालताना मोजलंच पाहिजे.

टिपरवाला, डिचोली

खनिजाच्या टिपरवर होतो, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत. काचा उघड्या, तोंडावर लाल धूळ, हातात विडी. धुळीने झालं की विडीने, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, दोन्हीचा हिशोब वेगळा करता येत नाही. मी म्हटलं, मग नुकसानभरपाई कोणाकडे मागू, विडीवाल्याकडे?

तोंडात मारायचा औषधाचा पंप (इन्हेलर) दोन वर्षं चुकीचा मारत होतो. आधी दाबायचो, मग ओढायचो. औषध सगळं टाळूवर. नळकांडं (स्पेसर) लावल्यापासून फरक आहे. कोणीतरी समोर बसवून 'मारून दाखव' म्हटलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

आता जे कोणी लिहिणार नाही ते लिहितो. थांबा अंथरुणातही येतो. बायकोला वाटलं माझं मन उडालं. मला वाटलं तिच्या अंगावरच प्राण जाईल. वर्षभर दोघं गप्प. शेवटी डॉक्टरांना, बायको बाहेर गेल्यावर, हळूच विचारलं. ते हसले नाहीत. जेवून लगेच नको, आधी पंप घ्या, दमवणारी बाजू तुम्ही घेऊ नका, कुशीवर चालेल. एवढंच. विचारायला वर्ष लागलं, उत्तर दोन मिनिटांचं.

धागा सुरू करणारा

टिपरवाले भाऊ, बायको खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, यांना डॉक्टरांचा नंबर विचार.

पणजी, आल्तिनो

वय ३९, दमा. माझी धाप अर्धी भीतीची. एकदा रात्री अटॅक आला होता, तेव्हापासून चढणीच्या पायथ्याशीच छाती धडधडते, अजून एक पाऊलही टाकलेलं नसतं. उपयोग झाला तो हातपंख्याचा. बॅटरीचा छोटा पंखा नाका-गालांवर धरायचा. ऑक्सिजन काही वाढत नाही त्याने, पण धाप कमी वाटते. ऑफिसात सगळे हसतात, मे महिन्यात तेच उसना मागतात. (अटॅकला पंखा नाही, पंपच.)

साखळीची लेक

आईला विड्याच्या पानाएवढा पंखा दिला. म्हणते, देवाला वारा घालायचा सोडून मलाच घालते.

धागा सुरू करणारा

नऊ आठवड्यांनी लिहितो आहे. चालताना क्लिप लावून बघितलं, ९१च्या खाली गेलं नाही, मग सुरू केलं. खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा, दिवसातून दोनदा. चालणं आधी चार मिनिटं, आता चौदा. मधे आठ दिवस पावसाने आणि सर्दीने गेले, तेव्हा दोन पावलं मागे आलो.

काल संध्याकाळी फणस ओलांडला. गडग्यापाशी शेजारी उभा होता, त्याच्याशी बोलायला थांबलो, पण ते बोलण्यासाठी. ओठांचा चंबू करून गाड्यावर पोचलो.

पाव संपले होते.