कथांच्या अंकात चित्रं कुठे आणि कशी छापायची?

कोरापान
ए५ आकार, ९६ पानं, ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथो म्हणजे लेप नसलेला साधा कागद, आत सगळं एकरंगी, पाठीला गोंद. सात कथा आणि एकाच चित्रकाराची आठ चित्रं: सहा ॲक्रिलिक, दोन चारकोल. कथांमध्ये पेरावीत की वेगळी द्यावीत? चाचणी छपाईत गडद भागाचा नुसता काळा गोळा झालाय. फाइली व्हॉट्सॲपवर आल्यात.

शाईथेंब
आधी त्या फाइली बाजूला ठेवा. व्हॉट्सॲप फोटो सहसा दाबून लहान करतं. ए५ पूर्ण पान, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे साधारण १८२०×२५५० पिक्सेल हवेत. मूळ फाइल मागवा. फोटोशॉपमध्ये ताणून पिक्सेल वाढतात, तपशील नाही.

काळा गोळा कागदामुळे. मॅपलिथो शाई पितो, छपाईतला शाईचा ठिपका पसरतो. फाइलमधला ५० टक्के राखाडी छापून ७० च्या आसपास दिसतो. फोटोशॉपच्या कर्व्हजमध्ये (छटा उजळ-गडद करायची सोय) मधल्या छटा उजळा, सर्वांत गडद जागा ९०–९५ टक्क्यांवर थांबवा. आणि रंगीत फाइल थेट ग्रेस्केल (नुसत्या राखाडी छटांची) करू नका. लाल आकृती आणि हिरवी पार्श्वभूमी एकाच राखाडीत विरघळते, चित्रच नाहीसं होतं. फोटोशॉपच्याच ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंटमध्ये लाल आणि हिरवा वेगवेगळे हलवा. पडद्यावर विश्वास नको, त्याच कागदावर प्रूफ (तपासणीची प्रत) काढा.

उजवंपान
माझ्या मते ॲक्रिलिक एकरंगीत छापूच नयेत. १३० जीएसएम मॅट आर्ट पेपरचा (लेप दिलेला, चमक नसलेला कागद) आठ पानी रंगीत फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच, घाला: सहा चित्रं, एक पान चित्रकाराच्या टिपणाला, एक कोरं. तुमचे १६ पानी सहा फॉर्म होतील, त्यामुळे रंगीत पानं १६, ३२, ४८ अशा पानांनंतरच बसतील. ४८ वर कथा संपेल अशी जुळणी करा, नाहीतर वाक्य अर्ध्यावर तुटून मधे चित्रं येतात. जोडपानावर चित्र पसरवू नका, गोंदाची बांधणी मधला भाग गिळते.

चारकोल मात्र कथांमध्ये चालतील, पण कथा संपल्यावर. सुरुवातीला बाईचं चित्र दिलंत की वाचक नायिकेला तोच चेहरा लावणार. कथेच्या विषयाशी जुळणारं चित्र शोधत बसणं हा संपादकांचा जुना रोग आहे!

कोरापान
फॉर्मचं पटलं. एक चित्र आडवं आहे, कापून उभं करू?

उजवंपान
नको. आडवंच ठेवा, वरखाली पांढरं सोडा. कापायचंच असेल तर चित्रकाराला विचारून, आणि खाली ‘चित्राचा भाग’ असं छापून. चित्राखालच्या ओळीत शीर्षक, वर्ष, माध्यम, मूळ माप द्या.

शाईथेंब
परवानगी लेखी घ्या. चित्र विकलं गेलं असलं तरी कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो, विकत घेणाऱ्याची संमती पुरत नाही. छापील अंक, पीडीएफ, मुखपृष्ठ, जाहिरात हे चारही वेगवेगळे लिहा. फोटो दुसऱ्याने काढले असतील तर त्यालाही विचारा.